सापाचें पिल्लूं : आहार आणि निगा



आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येकांनीं नाक मुरडलें असेल. मांजराचें पिल्लूं, पोपटाचें पिल्लूं, फार तर सशाचें पिल्लूं कसें वाढवावें याविषयीं कोणी बोलूं लागला तर आपण कौतुकानें ऐकतों. परंतु सापाच्या पिल्लाला खावयास काय घालावें, हा प्रश्न शिकल्यासवरल्या कुटुंबांत विचारण्यासारखा आहे काय, अशी शंका कोणासहि येईल. तथापि हा प्रश्न आज आपल्या घरांतूनच विचारला जातो. ठाण्यास आगगाडी १८५३ सालीं आली, कल्याणास १८५४ सालीं. तेव्हांपासून भाताचीं खाचरें हळूहळू हटत गेलीं आणि त्यांच्या जागीं वसाहती उभ्या राहिल्या. बेडूक, उंदीर आणि त्यांच्या मागावर येणारे साप मात्र आपलें जुनें ठिकाण सोडावयास तयार नाहींत. मग पावसाळा लागला कीं येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशीं, कल्याणास उल्हास नदीच्या बाजूस, डोंबिवलींत एखाद्या तळमजल्याच्या न्हाणीघरांत दोरीसारखें कांहीं तरी वळवळतांना दिसतें, आणि घरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष काठी शोधतो. दुसरा पक्ष, आणि तो बहुधा मुलांचा असतो, रिकामा डबा शोधतो.

काठीच्या पक्षाला उपदेश करणारे पुष्कळ आहेत. मला आज डब्याच्या पक्षाशीं बोलावयाचें आहे. काठीनें पिल्लूं एका क्षणांत मरतें. डब्यांतलें पिल्लूं दयेनें, दुधानें आणि कौतुकानें कांहीं दिवसांत मरतें, एवढाच काय तो फरक. दया वाईट नव्हे. पण ज्याची दया करावयाची त्याची गरज काय, हें न कळतां केलेली दया त्याला मारक होते.

प्रथम, हातीं आलेलें पिल्लूं आहे कोणाचें? न्हाणीघराच्या मोरींतून निघणारें, काळसर, चकचकीत, गांडुळासारखें जें 'नागाचें पिल्लूं' म्हणून दाखविलें जातें, तें पुष्कळ वेळां पिल्लूं नसतेंच. तो वाळा नांवाचा पूर्ण वाढलेला, बिनविषारी साप असतो. त्याची लांबी वीतभरहि भरत नाहीं. तो मातींत राहतो, मुंग्यांचीं व वाळवीचीं अंडीं आणि अळ्या खातो, आणि बिळांत पाणी शिरलें म्हणजे वर येतो. शास्त्रज्ञांना आजवर या जातीच्या माद्याच मिळाल्या आहेत. नरावांचूनच ती प्रजा वाढते. अशा या निरुपद्रवी प्राण्याला कोणी चपलेखालीं चिरडतो, तर कोणी नागोबा म्हणून वाटींत दूध ठेवतो. दोघेहि सारखेच अज्ञानी.

खरीं पिल्लेंहि याच दिवसांत निघतात. नागानें उन्हाळ्यांत घातलेलीं अंडीं सुमारें दोन महिन्यांनीं, म्हणजे ऐन पावसाळ्यांत फुटतात. घोणस अंडीं घालीत नाहीं. ती जिवंत पिल्लांना जन्म देते, आणि एका वेळीं वीस, तीस किंवा त्याहूनहि अधिक पिल्लें होतात. हीं पिल्लें जन्मतःच विषारी असतात. 'लहान आहे, याला अजून विष आलें नसेल' ही समजूत घातक आहे. नागाचें पिल्लूं अंड्यांतून येतें तें विष आणि विषदंत घेऊनच येतें.

सापांच्या जगांत आई पिल्लाला भरवीत नाहीं. अजगराची मादी अंड्यांभोंवतीं वेटोळें घालून तीं फुटेपर्यंत बसते हें खरें. परंतु पिल्लें बाहेर आलीं कीं तिचें काम संपलें. पिल्लाच्या पोटांत अंड्यांतील बलकाचा कांहीं भाग शिल्लक असतो. त्यावर तें पहिले कांहीं दिवस काढतें, पहिली कात टाकतें, आणि मग स्वतःच्या शिकारीस निघतें. म्हणून उघड्यावर सांपडलेलें सापाचें पिल्लूं 'पोरकें' नसतें, 'उपाशी' नसतें, आणि त्याची आई होण्याची आपणांस मुळींच आवश्यकता नसते.

आतां दुधाविषयीं. साप हा सस्तन प्राणी नव्हे. आईचें दूध त्याच्या जातीनें कधीं चाखलेलें नाहीं, आणि दूध पचविण्याची सोय त्याच्या पोटांत नाहीं. गारुड्याचा नाग दूध पितांना दिसतो, तो तहानेनें व्याकुळ झालेला असतो म्हणून. त्याला कित्येक दिवस पाणी मिळालेलें नसतें. पुढें येईल तो द्रव तो पितो आणि मग आजारी पडतो. श्रावणांत पाटावर गंधानें नाग काढून किंवा मातीचा नाग आणून त्याची पूजा करण्याची आपल्याकडील घरगुती चाल यापेक्षां कितीतरी शहाणपणाची आहे. सांगली जिल्ह्यांतील बत्तीस शिराळा येथें जिवंत नाग धरून नागपंचमी साजरी करण्याची जुनी प्रथा होती. तिच्यावरहि २०१४ सालीं मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानें निर्बंध आले. देवाला नैवेद्य दाखवावा. प्राण्याला मात्र त्याचें अन्न द्यावें.

तें अन्न कोणतें, हें पाहूं लागलें म्हणजे डब्याच्या पक्षाची खरी अडचण ध्यानांत येते. दिवडाचें पिल्लूं बेडूकमासे, लहान बेडूक आणि लहान मासे खातें. हरणटोळ पालींच्या व सरड्यांच्या मागें असतो. मण्यार तर पुष्कळदां दुसऱ्या सापांनाच खाते. यांपैकीं कोणतेंहि अन्न वाण्याकडे मिळत नाहीं. ज्याला खिम्याचा गोळा किंवा उकडलेल्या अंड्याचा तुकडा पुढें केला जातो, तो साप त्याकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. त्याला भक्ष्य ओळखावयाचें असतें तें वासानें, हालचालीनें आणि कित्येक जातींत उष्णतेनें. मग मुलें चिमट्यानें त्याचें तोंड उघडून घांस कोंबतात, नाजूक जबडा दुखावतो, आणि प्रयोगाचा शेवट होतो.

याच्या जोडीला कायदा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्या देशांतील सापांना संरक्षण दिलें आहे. २०२२ सालीं झालेल्या दुरुस्तीनें, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली, तें अधिक कडक केलें. त्यांना मारणें, पकडणें आणि घरांत पाळणें हे गुन्हे आहेत. साप बाळगणें हें संस्थांचें काम. परळच्या हाफकिन संस्थेंत सापांच्या विषापासून आणि घोड्यांच्या रक्तापासून प्रतिविष तयार करण्याचें काम अनेक दशकें झालें, आणि तेथील डॉ. पी. जे. देवरस यांनीं सर्वसामान्य वाचकासाठीं लिहिलेलें भारतीय सापांवरील पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टनें १९६५ सालीं प्रसिद्ध केलें. पुण्यास कात्रज येथें श्री. निलिमकुमार खैरे यांच्या पुढाकारानें १९८६ सालीं सर्पोद्यान निघालें. अशा ठिकाणीं जाणकार माणसें, औषधोपचार आणि योग्य जागा असते. आपल्या पलंगाखालच्या खोक्यांत यांपैकीं काय आहे?

यावर आजचा तरुण म्हणतो, 'आम्ही देशी साप पाळीत नाहीं, परदेशी पाळतों.' ही नवी हौस शहरांत शिरली आहे आणि ती डोळ्यांआड करून चालणार नाहीं. पश्चिम आफ्रिकेंतला बॉल पायथन नांवाचा ठेंगणा अजगर आणि अमेरिकेच्या आग्नेय भागांतला कॉर्न स्नेक, हे दोन बिनविषारी साप जगभर पाळले जातात. ते आपल्याकडे कसे येतात, याचा एक नमुना ऐका. २०२३ च्या डिसेंबरांत मुंबईच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानांत महसूल गुप्तचर खात्याच्या अधिकाऱ्यांना बिस्किटांच्या व केकच्या पुड्यांत दडविलेले ११ साप सांपडले: ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक. ज्या पुड्यांतून आपण मुलांना खाऊ आणतों, त्यांत हवापाण्यावांचून कोंबलेले जीव! हौस करणाऱ्यानें पहिला विचार करावयाचा तो हाच, कीं आपण दिलेला पैसा अशा व्यापाराला तर पोंचत नाहीं ना. आंतरराष्ट्रीय कराराच्या यादींत असलेल्या परदेशी प्राण्याची, आणि बॉल पायथन त्या यादींत आहे, सरकारच्या 'परिवेश' या संकेतस्थळावर नोंद करणें २०२४ च्या नियमांनीं बंधनकारक झालें आहे. जन्म, मृत्यु आणि हस्तांतर हींहि कळवावीं लागतात. ज्या विक्रेत्याजवळ कागदपत्र नाहीं, त्याच्या दारीं जाऊं नये.

समजा, सर्व कांहीं कायद्याप्रमाणें झालें आणि असें एक पिल्लूं घरांत आहे. त्याची निगा कशी ठेवावी?

पहिली गोष्ट जागा. पिल्लाला प्रशस्त महाल नको असतो. मोठ्या उघड्या पेटींत तें भेदरतें आणि खाणें सोडतें. हवेला छिद्रें असलेली, झांकण घट्ट बसणारी मध्यम पेटी असावी. जेथून पेन्सिल जाईल, तेथून पिल्लूं जाईल असें समजावें. पेटीच्या दोन्ही टोकांस लपावयास एकेक अंधारी जागा द्यावी. उलटें ठेवलेलें, एका कडेला खांच असलेलें मातीचें भांडें या कामीं उत्तम. लपणें ही सापाची खोड नव्हे, ती त्याची विश्रांति आहे.

दुसरी गोष्ट ऊब. सापाचें रक्त आपल्यासारखें स्वतः तापत नाहीं. अन्न पचवावयास त्याला बाहेरची उष्णता लागते. बॉल पायथनच्या पेटीचें एक टोक सुमारें ३१ ते ३२ अंश सेल्सियस आणि दुसरें २५ ते २६ अंश असावें. कॉर्न स्नेकला याहून थोडी कमी ऊब पुरते. उबदार व थंड अशा दोन्ही जागा असल्या म्हणजे तो आपली सोय आपण पाहतो. विजेची शेगडी किंवा दिवा नियंत्रकावांचून ठेवल्यास साप भाजतो, कारण पोटाला चटका बसत असतांहि तो पुष्कळदां तेथून हलत नाहीं. आपल्याकडे उलट संकटहि आहे. मे महिन्यांत कल्याणसारख्या ठिकाणीं उन्हाच्या खिडकींत ठेवलेली कांचेची पेटी म्हणजे भट्टीच. पावसाळ्यांत हवेंत ओलावा इतका असतो कीं पेटी सुकी आणि स्वच्छ ठेवणें हेंच मोठें काम होतें. ओल्या घाणीनें पोटाच्या खवल्यांना फोड येतात.

तिसरी गोष्ट पाणी. जड बुडाच्या वाटींत स्वच्छ पाणी नेहमीं असावें आणि तें रोज बदलावें. दूध नको, साखरपाणी नको.

चौथी गोष्ट अन्न, आणि येथें घरांतील वडील माणसांनीं नीट कान द्यावा. साप शाकाहारी होत नाहीं. त्याला संपूर्ण भक्ष्य लागतें. मांसाच्या नुसत्या तुकड्यांत हाडें नसतात, आंतडीं नसतात, आणि तेवढ्यावर वाढविलेलें पिल्लूं हाडांनीं दुबळें राहतें. कॉर्न स्नेकच्या पिल्लाला केंस न आलेलें, डोळे न उघडलेलें उंदराचें एक पिल्लूं दर पांच ते सात दिवसांनीं पुरतें. बॉल पायथनच्या पिल्लाला त्याहून थोडें मोठें, केंस आलेलें, तितक्याच दिवसांनीं. प्रमाण डोळ्यांनीं ठरवावें: सापाच्या अंगाचा जो सर्वांत जाड भाग, त्याहून भक्ष्य जाड नसावें. साप मोठा होत जाईल तसें भक्ष्य मोठें आणि अंतर लांब. पूर्ण वाढलेला बॉल पायथन दोन-तीन आठवड्यांनीं एकदां जेवतो. भक्ष्य पैदास केलेलें आणि गोठविलेलें असावें. तें कोमट पाण्यांत पूर्ण वितळवून, कोरडें करून, लांब चिमट्यानें पुढें धरावें. बोटांनीं धरल्यास साप बोट आणि भक्ष्य यांत भेद करीत नाहीं. घरच्या पिंजऱ्यांत सांपडलेला उंदीर कधींहि देऊं नये, कारण त्यानें कोठें तरी विषारी गोळी खाल्लेली असूं शकते. जिवंत उंदीर तर नकोच. साप भुकेला नसला तर उंदीरच त्याला कुरतडतो. म्हणजे या हौसेसाठीं शीतकपाटांत, स्वतंत्र डब्यांत कां होईना, मेलेले उंदीर ठेवावे लागतात. ज्या घरांत हें चालणार नाहीं, त्या घरानें सापाचें नांवहि काढूं नये. यांत घराची नालस्ती नाहीं. सापाचेंच त्यांत हित आहे.

जेवणानंतर पुरे दोन दिवस त्याला हात लावूं नये. हाताळल्यास तो खाल्लेलें ओकतो, आणि पिल्लाला एवढी हानि सोसत नाहीं. डोळे निळसर-पांढुरके दिसूं लागले म्हणजे कात टाकण्याची वेळ आली असें समजावें. त्या दिवसांत तें खात नाहीं व चिडखोर होतें. पेटींत एक ओलसर कोपरा करून द्यावा आणि त्याला त्याच्यावर सोडावें. अडकलेली कात, विशेषतः डोळ्यावरची, ओढून काढूं नये. एखाददुसरें जेवण चुकल्यास घाबरूं नये. परंतु वजन उतरूं लागलें, तोंड उघडें राहूं लागलें किंवा नाकाशीं बुडबुडे दिसले तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जावें. दर आठवड्यास वजन करून वहींत टिपावें. काय खाल्लें, कधीं खाल्लें, कात कधीं टाकली, हेंहि लिहावें. साप रडत नाहीं, कण्हत नाहीं. वही हीच त्याची वाचा. हाताळल्यावर हात साबणानें धुवावे, कारण सापांच्या अंगावर पोट बिघडविणारे साल्मोनेला जंतु असूं शकतात; पांच वर्षांखालील मुलांना त्याला हात लावूं देऊं नये.

आणि पांचवी गोष्ट काळ. कॉर्न स्नेक पंधरा-वीस वर्षें जगतो. बॉल पायथन वीस-तीस वर्षें. दहा वर्षांच्या मुलानें हट्टानें आणलेलें पिल्लूं त्याचें शिक्षण, नोकरी, लग्न, बदली, सर्व पाहील. पुढें कंटाळा आला म्हणून तें येऊरच्या रानांत किंवा खाडीच्या कांठीं सोडणें हा दुसरा अपराध. परक्या प्रदेशांत बहुधा तें मरतें, आणि जगलें तर इथल्या प्राण्यांना त्याचा उपद्रव. शिवाय हेंहि स्पष्ट सांगितलें पाहिजे कीं साप माया ओळखतो असा पुरावा नाहीं. बॉल पायथन आपल्या हातांत चेंडूसारखा गुंडाळून बसतो तो लाडानें नव्हे. भ्यालेल्या त्या जातीची तीच रीत आहे आणि त्यावरूनच त्याला तें नांव पडलें. जो प्राणी आपल्याला ओळखून जवळ येत नाहीं, त्याची वीस वर्षें निष्ठेनें सेवा करावयाची असेल, तरच ही हौस करावी.

उरला प्रश्न मोरींत निघालेल्या पिल्लाचा. त्याची निगा याहून सोपी आहे. त्याला ओळखण्याचा खटाटोप करूं नये. विषारी मण्यारीचे पांढरे पट्टे मानेमागें कांहीं अंतरावर सुरू होऊन शेपटीकडे स्पष्ट होत जातात, तर बिनविषारी कवड्याचे पट्टे मानेपाशींच सुरू होऊन शेपटीकडे फिकट होत जातात, असें पुस्तकांत असतें. परंतु वीतभर पिल्लाच्या अंगावर रात्रीच्या उजेडांत हा भेद पाहावयास वांकणें म्हणजे जिवाशीं खेळ. अजगराचें पिल्लूं समजून घोणशीचें पिल्लूं उचलणें तर त्याहून भयंकर. मुलांना व कुत्र्यामांजरांना दूर करावें, दुरून नजर ठेवावी, खोलीचें दार लावून फटींत जाडें फडकें घालावें, आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर किंवा त्या खात्याकडे नोंद असलेल्या सर्पमित्रास कळवावें. तो त्याला जवळच्याच योग्य जागीं सोडतो. कुंडीखालीं अंडीं सांपडलीं तर तीं उलटसुलट करूं नयेत. सापाचीं अंडीं फिरविल्यास आंतील जीव गुदमरतो. दंश झालाच तर चिरूं नये, चोखूं नये, घट्ट बांधूं नये. तो अवयव न हालवितां तडक मोठ्या रुग्णालयांत न्यावें. पिल्लाचा दंश म्हणून वाट पाहत बसूं नये.

पुष्कळ वर्षें मुलांच्या संगतींत काढल्यावर माझें असें मत झालें आहे कीं डबा शोधणाऱ्या मुलाला रागें भरूं नये. भीतीच्या जागीं त्याला कुतूहल वाटलें, ही चांगलीच गोष्ट आहे. त्याच्या हातून डबा घ्यावा आणि वही द्यावी. पिल्लूं कोणत्या तारखेस दिसलें, पाऊस किती दिवस पडत होता, तें कोठून आलें, रंग कसा होता, सर्पमित्रानें नांव काय सांगितलें, कोठें सोडलें, एवढें त्यानें लिहावें. चार पावसाळे अशी वही चालली तर आपल्या वस्तींत कोण कोण राहतें, हें त्या मुलाला आपणां सर्वांपेक्षां अधिक ठाऊक होईल. आणि त्यासाठीं एकाहि पिल्लाला डब्यांत मरावें लागणार नाहीं.